रबरी बटणं आणि पावाचा डबा

मागच्या वर्षी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा एक दिवस केंब्रिजला जाऊन आलो. मुलगी म्हणाली, कॉलेजं बघा, नदीत होडीतून फिरा. मी म्हटलं, ते बघूच, पण आधी मला ब्रिज स्ट्रीटवरचा एक पब बघायचाय. ती माझ्याकडे बघतच राहिली. बिअरचा एक ग्लास संपवायला बाबाला दीड तास लागतो, हे तिला चांगलं माहीत आहे.

पबचं नाव बॅरन ऑफ बीफ. १९८४ च्या नाताळाच्या तोंडावर इथे घरगुती कॉम्प्युटर बनवणाऱ्या सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी ख्रिस करी यांना गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने बडवलं. सिंक्लेअर साधासुधा माणूस नव्हे. आदल्याच वर्षी राणीने 'सर' केलेला, अतिबुद्धिमान लोकांच्या मेन्सा या संघटनेचा ब्रिटनमधला अध्यक्ष. आणि करी हा त्याचाच जुना सहकारी, वर्षानुवर्षं त्याच्या हाताखाली राबलेला. १९७८ मध्ये त्याने हर्मन हाउझर या ऑस्ट्रियन माणसाबरोबर स्वतःची कॉम्प्युटरची कंपनी काढली, एकॉर्न. भांडणाला निमित्त झालं एका जाहिरातीचं. सिंक्लेअरचे कॉम्प्युटर किती परत येतात, यावर बोट ठेवणारी जाहिरात एकॉर्नने वर्तमानपत्रात दिली होती. ऐन नाताळच्या खरेदीत.

आत गेलो. लाकडी टेबलं, कसलंसं क्रिकेट चालू असलेला टीव्ही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारा पेपर वाचत बसला होता. पेपर गुंडाळलेला नव्हता. मी उगीचच थोडा हिरमुसलो.

हे वेड मला कुठून लागलं ते सांगायला पुण्यात यावं लागेल, १९८७ च्या उन्हाळ्यात. सातवीची स्कॉलरशिप मिळाली म्हणून मामाने मला कॉम्प्युटर घेऊन दिला. डीबी स्पेक्ट्रम प्लस. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लसची भारतात परवान्याने निघालेली आवृत्ती, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सची. काळा, सपाट, पाटीएवढा. पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि साठवण म्हणजे घरचा कॅसेट प्लेअर, ज्यावर एरवी आजीची भजनं चालत. तोपर्यंत कॉम्प्युटर मी फक्त शाळेत पाहिला होता आणि तो वेगळाच होता. बीबीसी मायक्रो. केंद्र सरकारने १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला. सुरुवातीला देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांमध्ये जी यंत्रं गेली ती एकॉर्नने बनवलेल्या या मॉडेलची. आमच्या शाळेचा नंबर त्यात लागला होता. चपला बाहेर काढायच्या, एका यंत्रापुढे तिघांनी बसायचं, आणि आठवड्यातून एकदा त्या नारिंगी बटणांना सरांच्या परवानगीने हात लावायचा. चालू केलं की तो आधी एक जाडा आणि मग एक बारीक सूर काढायचा. शाळेची घंटा मला आता आठवत नाही, तो आवाज आठवतो.

म्हणजे केंब्रिजमधल्या दोघांचं भांडण आमच्या पुण्यात येऊन शाळा आणि घर असं वाटून बसलं होतं. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. पण बाजू घ्यायला पत्ता लागतो कुठे? शाळेतला कॉम्प्युटर सरांचा, घरचा माझा. एवढ्यावर मी सिंक्लेअरवाला झालो.

तसं पाहिलं तर बीबीसी मायक्रोची जन्मकथा त्या सगळ्या काळातली सर्वांत गोड कथा आहे. लोकांना कॉम्प्युटर शिकवणारा कार्यक्रम बीबीसीला टीव्हीवर करायचा होता आणि सोबत एक यंत्र हवं होतं. ते काम सिंक्लेअरला हवं होतं. एकॉर्नकडे दाखवण्याजोगं काही तयार नव्हतं, आणि बीबीसीचे लोक आठवड्याच्या शेवटी यंत्र बघायला येणार होते. मग हाउझरने काय केलं? यंत्र आखणाऱ्या दोघांपैकी सोफी विल्सनला सांगितलं की, स्टीव्ह फर्बर म्हणतोय आठवड्यात होईल. आणि फर्बरला सांगितलं की, विल्सनच्या मते आठवड्यात होईल. आईला सांगायचं बाबा हो म्हणाले, बाबांना सांगायचं आई हो म्हणाली. आपल्याकडे हे प्रत्येक पोराला येतं, पण त्यातून कॉम्प्युटर निघाल्याचं हे एकच उदाहरण. शुक्रवारी सकाळी पाहुणे यायच्या थोडंच आधी यंत्र जिवंत झालं. १९८१ च्या डिसेंबरात ते बाजारात आलं. पुढे चांगलं मॉडेल ३९९ पौंडांना विकलं जाऊ लागलं.

सिंक्लेअरचं उत्तर १९८२ च्या २३ एप्रिलला आलं. झेडएक्स स्पेक्ट्रम. ४८ के मेमरीचा १७५ पौंड, १६ केचा १२५. म्हणजे बीबीसीच्या निम्म्याहून कमी. हा माणूस किंमत आधी ठरवायचा आणि मग तिच्यात काय बसतं ते इंजिनिअरांना बघायला लावायचा. बटणं महाग पडतात? मग रबराची एकच चादर घाला. दाबल्यावर ती कशी लागत, याबद्दल इंग्रजांनी अनेक उपमा दिल्या आहेत, बहुतेक मेलेल्या माणसाच्या कातडीच्या. माझ्या प्लसला मात्र कडक प्लॅस्टिकची बटणं होती.

याच काटकसरीतून ती गोष्ट जन्माला आली जिच्यावरून पुढे दहा वर्षं इंग्लंडातल्या शाळांच्या मैदानांवर पोरं एकमेकांच्या उरावर बसली. पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग द्यायचा तर मेमरीचा बराच भाग पडद्यातच गेला असता. म्हणून पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत कापला. एका चौकटीत रंग दोनच, एक शाईचा आणि एक कागदाचा. सगळा रंगीत पडदा ६९१२ बाइटांत बसला. हिशेब देखणा आहे. पण खेळात हिरव्या झाडापुढून पिवळा माणूस चालत गेला की त्या चौकटीत तिसरा रंग मावत नाही. मग झाड पिवळं होतं, नाहीतर माणूस हिरवा. रांगोळीत दुसऱ्याच्या घरात रंग सांडावा तसं. कॉमोडोरवाल्यांना हसायला एवढं पुरे.

कॉमोडोर ६४ हा त्या वादातला दुसरा पक्ष. अमेरिकन यंत्र, १९८२ च्या ऑगस्टमध्ये निघालेलं. ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रमच्या जवळजवळ दुप्पट किमतीला मिळायचं. ६४ के मेमरी, सोळा रंग, पडद्यावर मोकळेपणी हिंडणाऱ्या आठ आकृत्या, आणि आवाजासाठी बॉब यानेसने केलेली सिड नावाची चिप. यानेस मुळात संगीताच्या नादातला. इतर कॉम्प्युटरांच्या आवाजाच्या चिपा बनवणाऱ्यांना संगीतातलं काही कळत नाही असं त्याचं मत होतं. त्याने तीन स्वतंत्र आवाज आणि फिल्टर असलेलं खरंखुरं वाद्यच त्या डब्यात बसवलं. स्पेक्ट्रमकडे काय होतं? एक बीपर. चालू आणि बंद. डासाने शीळ घालायचं ठरवलं तर असा आवाज येईल.

स्पेक्ट्रमवाले कॉमोडोरला पावाचा डबा म्हणत, कारण तो दिसायचाच तसा, फुगीर, तपकिरी. त्याचे रंग चिखलासारखे, ठिपके विटांएवढे, आणि प्रोसेसर एक मेगाहर्ट्झसुद्धा धड नाही, आमचा साडेतीन! (हे शेवटचं मी कित्येक वर्षं छाती ठोकून सांगितलं. दोन वेगळ्या जातींच्या प्रोसेसरांचे मेगाहर्ट्झ असे समोरासमोर मांडता येत नाहीत, हे कळल्यावर काही दिवस गप्प होतो.) कॉमोडोरवाले यावर फक्त आवाज मोठा करायचे.

माझा कॉमोडोरवाला आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचा. त्याची आत्या इंग्लंडला. आतेभावाने अमिगा नावाचा नवा कॉम्प्युटर घेतला, म्हणून जुना कॉमोडोर १९८८ च्या दिवाळीत आत्याच्या बॅगेतून, स्वेटरांत गुंडाळून पुण्यात उतरला. कॅसेटी सोबत होत्या, एक मासिकही होतं. त्या दिवसापर्यंत आम्ही जिवलग मित्र होतो. तसे नंतरही राहिलो, पण संध्याकाळी जिन्यात उभं राहून जे व्हायचं त्याला मैत्री म्हणत नाहीत. तो म्हणायचा, तुझ्या कॉम्प्युटरला घसा बसलाय. मी म्हणायचो, तुझ्याला कावीळ झालीय. त्याची आई वरून ओरडायची, अरे जेवायला या, ते दोन्ही डबे बंद करा.

एक संध्याकाळ मात्र स्वच्छ आठवते. मला एका खेळाची कॅसेट मिळाली होती, कॉपीची कॉपीची कॉपी. स्पेक्ट्रमवर 'लोड' हा शब्द टाइप करायचा नसतो. जे दाबलं की अख्खा शब्द उमटतो, मग सिंबॉल शिफ्ट धरून दोनदा पी, की दोन अवतरणचिन्हं, मग एंटर. टेप सुरू. टीव्हीच्या कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक. आवाज म्हणजे कुणीतरी पत्र्यावर कर्कश किंचाळतंय. साधारण पाच मिनिटं हे चालायचं आणि तेवढा वेळ घरात कुणी फ्रिजचं दार जोरात लावायचं नाही, असा माझा दंडक होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पडद्यावर खाली आलं, 'आर टेप लोडिंग एरर'. पुन्हा लावली. पुन्हा तेच. हा वरचा शेजारी बसून बघतोय, चेहऱ्यावर सुतकी गांभीर्य, आत उकळ्या. तिसऱ्यांदा तो उठला, कंपासमधला छोटा स्क्रू ड्रायव्हर आणला आणि कॅसेट प्लेअरच्या हेडशेजारचा स्क्रू अगदी किंचित फिरवला. डोळे मिटून, कान लावून. तंबोरा जुळवतात तसा. किंचाळी एकदम टोकदार झाली. "आता लाव," म्हणाला. लागली.

आपल्या शत्रूचं यंत्र त्याने स्वतः चालू करून दिलं. मग खेळ सुरू झाला, आणि पहिल्याच दृश्यात नायक भिंतीच्या रंगाचा झाला. तो खुर्चीवरून खाली पडेस्तोवर हसला.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, ही दुही इतकी कडवी का होती, याचं कारण त्या कॅसेटमध्येच होतं. एका यंत्राची कॅसेट दुसऱ्यावर चालत नसे. आज फोन कुठलाही घ्या, व्हॉट्सॲप तेच. तेव्हा यंत्र निवडलं की खेळ ठरले, कॅसेट कुणाकडून मागायची तो मित्र ठरला, अडलं तर कुणाला विचारायचं ते ठरलं. आणि यंत्र निवडलं तरी कुणी? पोरांनी नव्हे. बापाच्या खिशाने. लिव्हरपूलच्या एखाद्या घरात नाताळला स्पेक्ट्रम आला तो १७५ पौंड जमले म्हणून. बीबीसी आला तर शाळेत तोच आहे, मुलाचा अभ्यास होईल म्हणून. (अभ्यासासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर पोरं खेळ खेळतात, हे दोन्ही देशांतल्या आईबापांना एकाच सुमारास कळलं.) चौदा वर्षांचा मुलगा 'आम्हाला परवडत नाही' असं म्हणत नाही. तो म्हणतो, कॉमोडोरचे रंग चिखलासारखे आहेत.

मीही दुसरं काय करत होतो? मामाने जे आणलं त्याची वकिली.

कॉमोडोरच्या डब्यातून आलेलं ते मासिक झॅप ६४ होतं. मुखपृष्ठावर दातओठ खाणारे योद्धे आणि पेटलेलं आकाश. त्यात स्पेक्ट्रमला मारलेले टोमणे वाचून माझा तिळपापड झाला होता. स्पेक्ट्रमवाल्यांचं असंच एक मासिक होतं, क्रॅश, आणि ते कॉमोडोरची टर उडवायचं. फार नंतर कळलं की दोन्ही मासिकं एकाच कंपनीची. न्यूजफील्ड, लडलो नावाच्या छोट्याशा इंग्रज गावातली. दोन्हींची मुखपृष्ठं रंगवणारा चित्रकारही एकच, ऑलिव्हर फ्रे. सकाळी एका सैन्याचे झेंडे शिवायचे, दुपारी दुसऱ्याचे. आम्ही पुण्यात जिन्यावर घसे कोरडे करत होतो.

पण याहून मोठी गंमत पुढच्या फेरीत आहे, अटारी आणि अमिगाच्या. कॉमोडोर कंपनी उभी केली जॅक ट्रॅमिएलने. पोलंडमधल्या वूचचा ज्यू मुलगा, ऑशविट्झमधून वाचलेला, अमेरिकेत टाइपरायटर दुरुस्त करत वर आलेला. कॉम्प्युटर मूठभर वरच्या वर्गासाठी नाही, जनतेसाठी करायचा, हे त्याचं ब्रीद. १९८४ च्या जानेवारीत तो आपल्याच कंपनीतून भांडून बाहेर पडला आणि जुलैमध्ये त्याने चक्क प्रतिस्पर्ध्याचं घर विकत घेतलं, अटारीचं घरगुती यंत्रांचं दुकान. कॉमोडोरमधले काही इंजिनिअर त्याच्यामागे गेले. त्यांतल्या शिराज शिवजीच्या हाताखाली १९८५ मध्ये अटारी एसटी तयार झाला.

तिकडे जे मायनर नावाचा, अटारीच्या जुन्या यंत्रांच्या चिपा घडवणारा माणूस अटारी सोडून आपलं स्वप्नातलं यंत्र करत होता, अमिगा. पैसे संपत आले, अटारीकडून पाच लाख डॉलर उचलले, आणि शेवटी कंपनी विकली कुणाला, तर कॉमोडोरला. म्हणजे अटारीच्या माणसाचं यंत्र कॉमोडोरचं झालं आणि कॉमोडोरच्या माणसाचं यंत्र अटारीचं. घराण्याचे मूळ पुरुष एकमेकांच्या घरात जाऊन बसले, आणि शिष्य बाहेर अंगणात आपापल्या घराण्याच्या शुद्धतेवरून तंबोरे फेकतायत.

ते फेकलेले तंबोरे पुढची सात-आठ वर्षं उडत राहिले. अमिगावाल्यांकडे ४०९६ रंग. एसटीवाल्यांकडे स्वस्ताई आणि आत बसवलेली मिडीची, म्हणजे वाद्यं जोडायची, सोय, त्यामुळे संगीत करणाऱ्यांनी एसटी उचलला. यंत्र कोसळलं की एसटीच्या पडद्यावर ओळीने छोटे बॉम्ब उमटायचे. अमिगा मात्र लाल चौकटीत लिहायचा, गुरू मेडिटेशन. एकाकडे स्फोट, दुसरीकडे समाधी. निकाल एकच, केलेलं काम गेलं. पहिल्या अमिगाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो करणाऱ्या सगळ्यांच्या सह्या ठशासारख्या उठवलेल्या आहेत आणि त्यांत मायनरच्या मिची नावाच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा आहे. ज्यांनी झाकण उघडलं नाही त्यांना कधी कळलं नाही. मला हा ठसा त्या ४०९६ रंगांपेक्षा जास्त आवडतो.

धंद्यात यातलं कुणीच उरलं नाही. १९८५ मध्ये बाजार बसला, एकॉर्न इटलीच्या ऑलिव्हेट्टीकडे गेली. सिंक्लेअरने १९८६ च्या एप्रिलमध्ये आपली कॉम्प्युटरं ॲमस्ट्रॅडच्या ॲलन शुगरला पन्नास लाख पौंडांना विकून टाकली. कॉमोडोर १९९४ मध्ये बुडाली. मात्र त्या विल्सन आणि फर्बरने बीबीसीच्या पुढच्या यंत्रासाठी एक साधा, कमी वीज खाणारा प्रोसेसर आखला होता. तो १९८५ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा चालला. त्याचं नाव आर्म. तुम्ही हे फोनवर वाचत असाल तर त्याच्याच वंशजावर वाचताय. ज्याला आम्ही मास्तरांचं खेळणं म्हणून नावं ठेवली, त्याची नातवंडं आमच्याच खिशात निघाली. हे लिहिताना माझ्यातला सिंक्लेअरवाला दात चावतोय.

केंब्रिजमध्ये संगणकांच्या इतिहासाचं एक संग्रहालयही आहे. पबनंतर तिकडे गेलो. तिथली गंमत अशी की बरीच यंत्रं काचेआड नाहीत, चालू आहेत, हात लावता येतो. एका टेबलाशी दोन गोरे आजोबा वाद घालत होते. हळू आवाजात, अतिशय सभ्यपणे, एकमेकांची वाक्यं पूर्ण होऊ देत. कॉमोडोर ६४ नेमके विकले किती गेले, यावर. एक म्हणे एक कोटी सत्तर लाख, दुसरा म्हणे छट्, सव्वा कोटी, सीरियल नंबरांवरून काढलाय तो आकडा. जगभरच्या भक्तांनी आपापल्या डब्यांच्या पोटाखालचे नंबर जमवून हिशेब मांडलाय, आणि आता त्या हिशेबावरून भांडताहेत. माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, "पण स्पेक्ट्रम..." दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ एकमेकांच्या विरोधात असलेले दोघे एका क्षणात एका बाजूला झाले.

"ओह," त्यांतला एक म्हणाला, "रबरी बटणवाले."

मुलगी लांब उभी राहून हे बघत होती. नंतर म्हणाली, बाबा, तुमची ओळख होती का त्यांची?

शेजारच्याच टेबलावर एक स्पेक्ट्रम चालू होता. बसलो. बोटं आपोआप गेली, जे, सिंबॉल शिफ्ट, पी, पी. मुलीला फोटो काढायला लावला आणि वरच्या मजल्यावरच्याला पाठवला. तो आता टोरंटोला असतो, मूत्रपिंडाचा डॉक्टर आहे, एरवी निरोपाला दोन-दोन दिवस उत्तर देत नाही. तिकडे अजून सकाळच असेल. दोन मिनिटांत उत्तर आलं. ना कसा आहेस, ना कुठे आहेस.

"आवाज ऐकव."